चार वाजून दहा मिनिटं

सुतळीचं एक टोक वहीला, दुसरं पेनाला, आणि पेनाच्या मागच्या बाजूला दातांच्या खुणा – गस्तीवरच्या प्रीतमच्याच, दुसऱ्या कुणाच्या असणार, सही करताना तो पेन चावायचा आणि मग तेच पुढे करून "सॉरी हां मॅडम" म्हणायचा... सुमेधाबाईंनी वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्यावरून वही उतरवली, झटकली आणि काही कारण नसताना ओढणीने पुसली. पोलिसांच्या गस्तीची भेटवही. पूर्वी गेटवर क्यूआर कोडचा एक स्टिकर होता, गस्तीवरच्या शिपायाने येऊन तो मोबाइलने टिपायचा. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तो सोलून निघाला, नवा काही आला नाही, आणि त्याच्याऐवजी पोलीस ठाण्यातून ही दोनशे पानी वही आली. तारीख, वेळ, नाव, सही. आज सहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये पोलिसांचे मोठे साहेब येणार होते, आणि साहेबांनी मूळ वही पाहायला मागितली होती.

ते पान शोधावं लागत नव्हतं, वही आपोआप तिथेच उघडत होती. गुरुवार, ४.१०, प्रीतम भोईर, आणि खाली वळणदार सही. वीस दिवसांपूर्वीचा गुरुवार. त्या दुपारी गेटजवळच्या बाकावर तळमजल्यावरच्या हौसाबाई बसल्या होत्या आणि चार वीसला मोटरसायकलवरून दोघे आले. मागच्याने बोरमाळ खेचली, माळ लवकर तुटेना म्हणून हौसाबाईंना पाच-सहा पावलं फरफटवलं, उजवा हात मनगटापासून मोडला. वॉचमन पंप चालू करायला मागे गेला होता. गेटवरचा कॅमेरा गणपतीपासून बंद. रविवारी संध्याकाळी हौसाबाईंच्या मुलाने, संदेशने, वहीच्या या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं – पोलीस चार दहाला येऊन गेला, चोर चार वीसला आले. म्हणजे काठीवाल्या पोलिसाला आता कुणी भीक घालत नाही. बंदूकवाले पाहिजेत.

झालं. एका सोसायटीचं पत्र अकरा सोसायट्यांचं झालं. खांद्याला कार्बाइन लावून दोघा-दोघांनी आपल्या रस्त्यांवरून दिवसभर पायी फिरावं, प्रयोग म्हणून आधी डोंबिवलीच्या आपल्याच भागात. दुसऱ्या मजल्यावरच्या वैशालीने एकदा लिहून पाहिलं, जिथे मुलं खेळतात तिथे बंदुका कशाला, तर संदेशने उत्तर दिलं, तुमच्या आईला फरफटवलं असतं तर? त्यानंतर ग्रुपवर कुणी ब्र काढला नाही. सुमेधाबाईंनी दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. त्या सेक्रेटरी. पत्राचा मसुदा त्यांचाच, शुद्धलेखन निर्दोष, आणि पत्राला जोडलेला पहिला कागद म्हणजे या पानाची झेरॉक्स.

गुरुवारचे ते चार दहा तीन दिवस आधी, सोमवारीच लिहिलेले होते. त्यांच्या घरात, त्यांच्या डायनिंग टेबलवर, कोकम सरबताच्या पेल्याशेजारी.

मे महिन्यात प्रीतम पहिल्यांदा वर आला तेव्हा त्याचं तोंड उन्हाने भाजून निघालं होतं. "मॅडम, साठ पॉइंट आहेत माझ्याकडे, रोज साठ ठिकाणी सही. जोडीदार बंदोबस्ताला गेलेला तो काय परत येत नाय. एकटाच गाडी मारतोय. शहाडला घरी जातो तर सान्वी झोपलेली, निघतो तेव्हा पण झोपलेली." मग मोबाइलवर लेकीचा, सान्वीचा फोटो. पाचवीत होती, अपूर्णांक जमत नव्हते. सुमेधाबाईंनी पोळीचे चार तुकडे करून अपूर्णांक कसे दाखवायचे ते त्याला समजावून सांगितलं, आणि तो खुर्चीच्या कडेवर बसून इतक्या मनापासून ऐकत होता की त्यांना भरून आलं. आणि मग त्याच म्हणाल्या – हो, त्याच, प्रीतमने मागितलं नव्हतं – "मग सोमवारी एकदाच करून टाका की आठवड्याच्या सह्या."

त्याने लगेच सात ओळी लिहिल्या. सातही ओळींत वेळ ४.००. आणि सुमेधाबाईंचा हात आपोआप लाल पेन शोधायला लागला. "अहो, रोज ठोक्याला चार वाजता कोण येतं? थोडं मागेपुढे लिहा. चार पाच, चार दहा." तो हसला होता. "मॅडम, तुम्ही पोलिसात पाहिजे होतात."

मी, सुमेधा, तीस वर्षं गणित शिकवलं. परीक्षेत नुसती मान वळवली तरी पेपर काढून घेणारी बाई म्हणून माझी ख्याती होती. दोन मुलांची एकच चूक दिसली की कुणी कुणाचं पाहिलं हे मी पाच मिनिटांत सांगायचे... आणि त्या दिवशी मी एका माणसाला नीट, पकडलं जाणार नाही असं, खोटं कसं लिहायचं ते शिकवलं. मायेने शिकवलं. त्यात आपण काही चूक करतोय असं क्षणभरही वाटलं नाही. उलट वाटलं होतं, आपल्यासारख्यांनी पोलिसांना समजून घेतलं पाहिजे, नुसत्या शिव्या घालून काय होणार. तो आठवड्यातून दोनदा तरी यायचाच की. कधी तीनदा.

प्रीतमचा फोन आला तेव्हा त्या जिन्यात होत्या.

"मॅडम, वही तुमच्याकडेच आहे ना?"

"माझ्याच हातात आहे."

"साहेबांना ते एवढं पान दाखवा. मागची नका उघडू." मग त्याने कारणही सांगितलं. "आठवडेच्या आठवडे एका दमात लिहिलेले दिसतात ना."

सुमेधाबाई जिन्याच्या कठड्याला टेकल्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगितलंत का कुणाला?"

"कुणाला सांगू? सांगितलं तर सस्पेंड. माझं सोडा, तुम्हाला पण बोलावतील." मग आवाज एकदम खाली. "आमची नावं दिलीत मॅडम, गस्तीसाठी. कार्बाइनची. परवा प्रॅक्टिस आहे, ठाण्याला. मी शेवटची बंदूक ट्रेनिंगला धरलेली, बारा वर्षं झाली."

"जमेल तुम्हाला?"

"जमवायला लागेल. झोप झाली असली की सगळं जमतं."

झोप झाली असली की... फोन बंद झाला तरी तो त्यांच्या कानाशीच राहिला. कल्याणला संचारबंदी लागली होती त्या वर्षी केदार चौदा वर्षांचा होता. धाकटा भाऊ. दूध आणायला म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि कोपऱ्यावरच्या जवानाने बंदूक उचलली. बस्स, उचलली फक्त. सुमेधा खिडकीत होती, तिला दोघांचेही चेहरे दिसत होते, आणि तिला आजही केदारच्या आधी त्या जवानाचा चेहरा आठवतो – लाल डोळे, अर्धवट उघडं तोंड, किती रात्रींचा जागा होता कोण जाणे. केदारने दुधाची पिशवी धरलेला हात वर केला. कितीतरी वेळ तसाच वर. शेवटी दुसऱ्या जवानाने पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवला. केदार घरी आला तेव्हा त्याची चड्डी ओली होती आणि आईने ती उतरवून लगेच धुवायला घेतली. केदार आता ठाण्यात, माजिवड्याला राहतो, त्याला दोन नाती आहेत, आणि घरात कुणी दूध आणायला सांगितलं की तो अजूनही दुसऱ्या कुणाला पाठवतो. त्या जवानाच्या जागी त्यांनी प्रीतमला उभं करून पाहिलं. आपल्याच गेटवर. उघडं तोंड, लाल डोळे... आणि त्याला तिथे आणून उभं करणारं पत्र आपलं, अक्षर आपलं.

आणि तरी संदेश तरी कुठे चुकतोय? आईचा हात मोडला त्याच्या. आज सकाळीच तो खुर्च्या मांडताना म्हणाला, "काकू, सगळ्यांच्या सह्या झाल्या, आईचीच राहिली. माझं ऐकत नाहीये. तुम्ही घ्या ना, तुमचं ऐकते ती." आणि मग जरा बाजूला घेऊन, "तिचं ना, काहीतरी होतंय डोक्याचं. सोमवारी अपॉइंटमेंट घेतलीय." सुमेधाबाईंनी मान हलवली होती. या वयात धक्का बसतो, होतं असं, असंही काहीतरी म्हणाल्या होत्या.

हौसाबाईंचं दार उघडंच होतं. त्या खाटेवर बसून डाव्या हाताने मेथी निवडत होत्या, प्लास्टरमधला उजवा हात उशीवर ठेवलेला.

"बसा बाई. च्या टाकायला येत न्हाई बघा एका हातानं."

"चहा नको. या पत्रावर सही हवी होती. डावा अंगठा चालेल."

"काय लिवलंय?"

सुमेधाबाईंनी वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा खणखणीत. "...दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पोलीस गस्तीची भेट होऊन गेल्यानंतर अवघ्या दहा मिनिटांत..."

"तिथंच अडतंय माझं," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मी साडेतीनपासनं बाकावर हुते. उठले न्हाई. पोलीस काय आला न्हाई. संदेशला तीनदा सांगितलं. त्यो म्हणतो, आई, वहीत सही हाय. डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणतोय. काल मला घरीच इचारत बसला, आज वार कुठला, शंभरातनं सात गेले किती. मला झटकन आलं न्हाई." त्या कसनुसं हसल्या. "आता माझं मलाच वाटाया लागलंय. सरकारी वहीत हाय म्हंजे आला असंल. मलाच दिसला न्हाई."

सुमेधाबाईंची नजर हातातल्या वहीवर गेली.

"तुम्हीच म्हणला हुतात न्हवं, वही दावून? रोज चारला पोलीस येतो, बसत जावा बिनघोर. म्हणून तर बोरमाळ काढून ठिवली न्हाई मी. न्हाईतर गावाकडनं आल्यापासनं बाहेर बसताना मी कधी घालत न्हवते."

हो. म्हटलं होतं. याच वहीची पानं उलटून दाखवत, जूनमध्ये, किंचित अभिमानाने – आपल्या सोसायटीला शिस्त आहे, पाहा. सह्यांच्या ओळी कशा एकाखाली एक छान दिसत होत्या. तेव्हा खरोखरच विसरायला झालं होतं की त्या ओळी कुठे लिहिल्या गेल्या. स्वतः रचलेल्या खोट्यावर आपणच आधी विश्वास ठेवला, आणि मग तो दुसऱ्याला दिला, वाटीभर भाजी द्यावी तसा, सहज... आणि आता त्या खोट्याची किंमत ही बाई स्वतःच्या डोक्याने चुकवते आहे. जे पाहिलं ते पाहिलंच नाही असं मानायला ती शिकते आहे. शंभरातून सात, त्र्याण्णवातून सात... सगळा वेळ तिचं उत्तर बरोबर होतं. वर्गात एकटीचंच बरोबर.

हॉलमधून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. सान्वी. निलंबन. चौकशी. हे पान, मागची पानं. सगळं होतं तिथेच होतं, काही कमी झालं नव्हतं. एक वाक्य तर तयारही होतं, निरुपद्रवी – वेळ लिहिताना कधीकधी चूक होते हो हौसाबाई, मनाला लावून घेऊ नका. या वाक्याने कुणाची नोकरी गेली नसती आणि हौसाबाईंनाही थोडं बरं वाटलं असतं. थोडंच.

"संदेशचं सोडा," हौसाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही शिकवलेल्या बाई. तुम्ही म्हणलात आला हुता, तर आला हुता. मी लगीच अंगठा देते. म्हंजे माझ्याबी जिवाला घोर न्हाई."

आणि त्यांनी डावा हात पुढे केला, अंगठा वर करून. बोटांना मेथीचा हिरवा रंग लागलेला. चेहऱ्यावर संशयाचं नाव नव्हतं. त्या खरोखरच वाट पाहत होत्या. त्यांनी काय पाहिलं ते दुसऱ्या कुणीतरी सांगण्याची.

वीस दिवस सुमेधाबाई एकाच गोष्टीला भीत होत्या, कुणीतरी आपलं खोटं पकडेल. या क्षणी ती भीती त्यांनी चाचपून पाहिली तर तिचा जोर ओसरलेला होता. आपण आता जे काही बोलू ते या बाईला पटणार आहे, तिच्या दोन डोळ्यांहून अधिक पटणार आहे, हे त्यांना स्वच्छ दिसलं, आणि या विश्वासाची त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी पत्राची घडी घालून ते वहीत ठेवलं.

"हौसाबाई," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.