एक पाऊल डावीकडे

“पांढऱ्याला शर्ट कुणी घातलाय?” आमच्या नेमबाजी क्लबचे अध्यक्ष हातातली भाजलेली कोंबडी तशीच धरून ओरडले.

“मी,” नांग साल्बिंग, म्हणजे आमची साल्बिंगताई, म्हणाली. “का? मागे तुमच्या पुतण्याने चोराला बास्केटबॉलचा बनियन घातला, तेव्हा चाललं की.”

“अगं, पण हा एलिसेओचा ना?”

“मग? नवऱ्याशिवाय आणखी कुणाचे शर्ट असायचे माझ्या घरात?”

अध्यक्षांनी कोंबडीत तोंड खुपसलं. मी पंच, टायमर हातात घेऊन शेजारीच उभा होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे दर रविवारी एकेका सभासदाने मांडणी उभी करायची. पिंपं, टेबलं, पडदे लावून दुकान करा, घर करा, प्रवाशांची जीपनी गाडी करा, काय वाटेल ते. तपकिरी पुठ्ठा म्हणजे चोर, त्याला दोन गोळ्या. पांढरा म्हणजे निरपराध माणूस, त्याला लागली की गुण कापले. पुठ्ठ्यांना जुने कपडे घालायचे, म्हणजे जरा खरं वाटतं. या रविवारी पाळी साल्बिंगची होती. त्यात गावची जत्रा, म्हणून अध्यक्षांनी नगरसेवक गौदेन्सियो साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. साल्बिंगला सांगितलं तेव्हा तिने नुसती मान डोलावली.

तिने मांडलं होतं स्वतःचं औषधांचं दुकान. दार, डावीकडे बाकडं, समोर गल्ला. गल्ल्याशी तपकिरी चोर, आणि त्याच्या पाठीमागे, निळ्या शर्टातला पांढरा.

तीन वर्षांपूर्वी तिच्या खऱ्या दुकानात चोर शिरला तो सुरा घेऊन. सुरा! साहेब खोकल्याचं औषध घ्यायला दारात पोचलेले. कमरेचं पिस्तूल उपसलं आणि होते तिथूनच धडाधड उडवलं. चोर पळाला, एलिसेओ पडला. पोलिसांनी लिहिलं, अज्ञात चोराच्या गोळीने मृत्यू. म्हणजे सुऱ्यातून गोळी सुटली! आख्ख्या गावाने मिठाची गुळणी धरली, कारण नळ, रस्ता, शाळेतला प्रवेश, सगळं साहेबांच्या हातात. वर हा गृहस्थ निवडणुकीत सांगत फिरला की मी ते दुकान वाचवलं. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो माझा.

मग साल्बिंग क्लबात आली. साठीला टेकलेली बाई, पिस्तुलाचा खटका ओढताना दात-ओठ खायची. पोरं फिदीफिदी हसायची.

“नांग, कुणाला मारायचंय का तुला?” मी एकदा विचारलंच.

“नाही रे पुलो. तिथे उभं राहून दुसरं काही करता येत होतं का, एवढंच मला कळायला हवंय. येत नसेल, तर मी त्या माणसाला माफ करीन.”

हे घरी बसून कळत नाही. टायमर वाजतो, मागे लोक टिंगल करत असतात, छाती धडधडते. त्यात हात कसा चालतो ते स्पर्धेतच समजतं. पहिलं वर्ष तिने पांढऱ्यांची नुसती चाळण केली. प्रत्येक वेळी गाडीत बसून रडायची. हळूहळू तिला उमगलं की आधी पाय हलवायचे, पांढरा रेषेतून बाहेर काढायचा, मग बोट. आज सकाळी सगळ्यांत आधी तिने ही मांडणी स्वतः करून दाखवली. टायमर वाजला, एक पाऊल डावीकडे बाकड्याशी, चोराला दोन गोळ्या. मागे नुसती मातीची भिंत. निळ्या शर्टाला सुरकुतीसुद्धा नाही.

साहेब उशिरा आले, काळा चष्मा लावून, चार माणसं मागे घेऊन. गोळी झाडण्याआधी प्रत्येकाने मांडणीतून रिकाम्या हाताने फिरून घ्यायचं असतं.

“एकदा आत बघून घ्या, साहेब,” साल्बिंग म्हणाली.

“बाई, मी खऱ्या चोरावर गोळ्या झाडल्यात. पुठ्ठ्यासाठी कसली रंगीत तालीम?”

“हो. माहीत आहे मला.”

त्यांच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. मी पडद्याबाहेर त्यांना उभं केलं, टायमर दाबला. साहेब आत घुसले, दारातच पाय रोवले आणि पिस्तूल रिकामं होईपर्यंत उडवलं. निळा शर्ट त्यांनी ओळखला की नाही, देव जाणे.

पंचाने मोजून मोठ्याने सांगायचं, हा नियम आहे. मी घसा फाडून सांगितलं.

“चोर, खांद्याला एक! बाकी भिंतीत! पांढरा, एक! छातीत!”

साहेबांच्या माणसांनीसुद्धा टाळी वाजवली नाही. मासळीवाली तिया पुरिंग छातीवर क्रूस करू लागली. साहेबांनी चष्मा काढला, शर्टाकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. तरी हसले.

“खेळ आहे हो हा. खऱ्या प्रसंगी विचार करायला वेळ कुठे मिळतो?”

“नांगला तुमच्याहून कमी वेळ लागला,” मी म्हणालो आणि टायमर त्यांच्या नाकासमोर धरला.

“पुलो, तोंड आवर!” अध्यक्ष माझ्यावर खेकसले. “आणि ते भोक बुजव आधी!”

“अजिबात हात लावायचा नाही त्याला,” साल्बिंग म्हणाली. तिचा आवाज कधी एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. “एक पाऊल, साहेब. डावीकडे, बाकड्यापाशी. तीन वर्षं मी देवाला विनवत होते की असं काही नसू दे. एकच पाऊल होतं हो!”

साहेबांनी चष्मा परत चढवला आणि ते गाडीकडे निघाले. गावातली माणसं बाजूला सरली, पण नेहमीसारखी कुणी मान लववली नाही.

मी भोकं बुजवायच्या चिकटपट्टीचं रीळ खिशात टाकलं. साल्बिंग गल्ल्यामागे गेली. वरच्या बटणापासून एकेक बटण काढलं, पुठ्ठ्याच्या खांद्यांवरून बाह्या अलगद उतरवल्या, भोक आत जाईल अशी शर्टाची घडी घातली.

“त्या दिवशीचा पोलिसांनी नेला, तो परत दिलाच नाही,” ती म्हणाली. “आता हा राहू दे माझ्यापाशी.”