तेलाचा हात

कारखान्यात त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारली असेल तर ती पहिल्या आठवड्यात. त्यानंतर तो मायक्रॉन झाला तो कायमचा. एकोणतीस वर्षं त्यानं लेथवर काढली, आणि त्यातली निम्मी तरी दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढण्यात गेली असतील. "एवढा फरक ठेवायचा होता तर शिंपी व्हायचं होतंस," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा.

निवृत्त झाल्यावर त्यानं घरामागच्या खोलीत बाक टाकला, त्याला लोखंड पकडायचा वाइस बसवला, भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगले आणि घरातली एकही बिजागरी कुरकुरू दिली नाही. बायको म्हणायची, "अहो, सगळं संपलं की मलाही तेल घालणार का?"

हाताला हवं तसं काम मिळालं ते लेकीमुळं. लेक डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीत उतरायची. दगड, मुळं, पुरुषभर उंचीच्या उड्या, आणि सगळं खालच्या दिशेनं. "वर चढायचं नाही, नुसतं खाली यायचं, मग त्यात पराक्रम तो कसला?" असं मायक्रॉन एकदा म्हणाला होता. मग पायथ्याशी उभं राहून त्यानं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि पुन्हा तो शब्द काढला नाही.

गेल्या वर्षीपर्यंत सायकलचं सगळं तोच बघायचा. ब्रेकही त्यानंच निवडले होते, दोन पिस्टनचे, लहान डिस्कचे. काट्यावर ठेवले, हलके भरले, आणि हलके तेच चांगले असं ठरवून हा मोकळा झाला. पुढं एका लांबलचक उतारावर ते तापले, आतलं तेल उकळलं, लिव्हर थेट हँडलला टेकला आणि लेक झाडावर जाऊन आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं. हॉस्पिटलात तिच्या उशाशी उभं राहून बाप काय म्हणाला असेल? "तू ब्रेक फार दाबून ठेवतेस." आता ही काय बोलायची वेळ होती? पण तोंडातून गेलं ते गेलं. लेकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर वर्षभर सायकल मागच्या खोलीत आली नाही. लेक व्हिडिओ बघून आपल्या खोलीत स्वतःच सगळं करू लागली. जेवताना बोलणं व्हायचं, हसणंही व्हायचं, फक्त सायकलचा विषय निघत नसे. मायक्रॉनला ते फार लागलं होतं. पुन्हा तिच्या सायकलला हात लावायला मिळावा, एवढंच त्याच्या मनात होतं. तसं तो कुणाजवळ बोलला मात्र नाही, आणि आपलं चुकलं हेही बोलला नाही.

संघाची निवडचाचणी वर्षातून एकदाच व्हायची. चाचणीसाठी नवे ब्रेक घ्यायला लेक निघाली तेव्हा तिनं दारातून विचारलं, "येता का, बाबा?" आणि तो चप्पल शोधतोय तोवर वर जोडलं, "पण निवडणार मी."

दुकानदार बोलघेवडा होता. त्यानं काउंटरवर एक नाजूकसा जोड ठेवला. "हे बघा ताई, पिसासारखे. हातात घ्या नुसते."

"पिसानं सायकल थांबत नाही हो," लेक म्हणाली. "चार पिस्टनचे दाखवा. पुढची डिस्क दोनशे वीसची, मागची दोनशेची."

"पावशेर वजन वाढेल."

"वाढू दे."

मायक्रॉननं खिशातून मायक्रोमीटर काढला. हा माणूस लग्नालाही मायक्रोमीटर घेऊन जाईल, त्यामुळं लेकीला नवल वाटलं नाही. त्यानं नमुन्याची डिस्क मापली. जुनी एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर भरायची, ही दोन पूर्णांक तीन दशांश. जाड पत्रा, मोठा घेर, म्हणजे तापायला वेळ लागणार आणि निवायला जागा मिळणार. चार पिस्टन म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या पॅडवर दाब सगळीकडून सारखा. जन्मभर तापलेल्या लोखंडापुढं उभ्या राहिलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. गेल्या वर्षी कुठं गेली होती अक्कल? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं अगदी ओठांवर आलं त्याच्या. ते गिळून तो दुकानदाराला म्हणाला, "कड बरी मारलीय हो."

लेकीनं एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि मग दुकानदाराकडे वळली. त्यानं गळ्यात मारलेला पॅडचा जास्तीचा जोडही तिनं घेतला.

त्या मापाच्या डिस्क बाहेरून मागवाव्या लागल्या आणि पोचल्या त्या नेमक्या चाचणीच्या आदल्या दुपारी. लेकीला तर उताराची वाट पायी फिरून बघायला जायचं होतं. तिनं सायकल आणून मागच्या खोलीच्या दाराला टेकवली.

"बाबा, बसवून ठेवाल?"

"बघतो," मायक्रॉन म्हणाला, जशी काही दहा कामं पडली होती. सकाळपासून तो पुसलेलेच पाने पुन्हा पुसत होता.

ती गेल्यावर त्यानं काम असं केलं की बघत राहावं. पॅड धरणारे कॅलिपर बरोबर मधोमध आणले, नळ्यांमधली हवा थेंबाथेंबानं काढली. चाक फिरवून डिस्क किती हलते ते डायलवर पाहिलं, तर पाच शतांश मिलिमीटर. एवढ्यावर दुसऱ्या कुणी काम थांबवून चहा मागवला असता. यानं ती दोन शतांशांवर आणली. चाकं घुमायला लागली तेव्हा डिस्क आहे की नाही असं वाटावं, इतकी सरळ दिसत होती. बाप खूश होता. किती दिवसांनी खूश होता.

कारखान्यात त्यांच्या खात्याची एक शिस्त होती. घडवलेलं उघडं लोखंड हातावेगळं करायचं तर तेलाचा हात फिरवल्याशिवाय नाही. एका रात्रीत गंज धरतो. फोरमन दुसऱ्या दिवशी बोट फिरवून बघायचा आणि बोट कोरडं आलं की सगळ्यांसमोर पाणउतारा करायचा. मायक्रॉननं स्पिंडल ऑइलचं फडकं घेतलं आणि दोन्ही चाकांच्या चकचकीत डिस्कवरून पातळसर हात फिरवला, आतून आणि बाहेरून. मग दिवा घालवून जेवायला गेला.

सकाळी जीपनं सगळ्यांना डोंगरमाथ्यावर सोडलं. तिथं थोडी सपाट जागा होती. नवे ब्रेक आधी रुळवावे लागतात. वेग घ्यायचा, हळू दाबायचं, पुन्हा वेग घ्यायचा, असं वीस-पंचवीस वेळा. लेक येरझाऱ्या घालत होती, मायक्रॉन कडेला उभा होता. पंच एकेक नंबर पुकारत होता. अठरा गेला. लेकीचा तेविसावा होता.

"अजून नीट धरत नाहीयेत," ती जवळून जाताना म्हणाली. "नवे आहेत ना. पहिल्या वळणापर्यंत धरतील."

ती गेली आणि तिच्यामागं वास आला. मायक्रॉननं तो एकोणतीस वर्षं घेतला होता. तापलेल्या लोखंडावरचं स्पिंडल ऑइल! आधी त्याला तो वास चक्क बरा वाटला. मग त्याला मागच्या खोलीतलं फडकं आठवलं.

एकोणीस गेला.

पॅडच नासके दिलेत मेल्यानं, एवढं म्हटलं असतं तरी तो सुटला असता. दुकानदार काही इथं नव्हता, आणि वास ओळखणारा डोंगरावर दुसरा कुणी नव्हता. हे त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. अगदी स्पष्ट आलं.

लेक वळून परत येत होती. तो वाटेत जाऊन उभा राहिला.

"उतर. डिस्कला तेल लागलंय."

"तेल? कुठून?"

"मी लावलंय. काल, सगळं झाल्यावर. गंज धरू नये म्हणून. हात आपोआप गेला बघ. पॅड ते प्यायलेत. आता धरायचे नाहीत. बदलून पुन्हा रुळवायला अर्धा तास तरी लागेल."

"ब्रेकच्या डिस्कला, बाबा?"

"हो. आणि गेल्या वर्षीचे ब्रेकही मीच चुकीचे निवडले होते. तू काही दाबून ठेवले नव्हतेस. माझं पाप मी तुझ्यावर ढकललं."

वीस गेला, एकवीस गेला, बावीसही गेला. पंचानं तेवीस पुकारला, आणखी एकदा पुकारला. लेकीनं हात वर करून सांगितलं, "ब्रेक नाहीत." त्यानं कागदावर काट मारली आणि चोवीस पुकारला.

ती हेल्मेट काढून एका दगडावर बसली. डोळे पुसले तेही रागानं. "मला फार राग आलाय तुमचा," ती म्हणाली.

"येणारच."

"वर्ष गेलं माझं."

"हो," मायक्रॉन म्हणाला.

शेवटचा नंबर खाली गेला. पंचानं कागद गुंडाळले. माथ्यावर दोघंच उरली, आणि कडेला एक पाण्याची टाकी. लेक उठली. पिशवीतून तिनं स्पिरिटची बाटली काढली, फडकं काढलं, पॅडचा जास्तीचा जोड आणि ॲलन की काढली, आणि सगळं त्याच्यापुढं धरलं.

"खाली तर मी सायकलवरूनच जाणार आहे. बसवा."

त्यानं हात पुढं केला. तिनं सामान मागं घेतलं.

"आधी हात धुऊन या. साबण आहे तिथं."

तो टाकीकडे निघाला. चार पावलं गेला असेल नसेल, मागून पुन्हा हाक आली, "दोनदा धुवा, बाबा."