सिग्नल पूर्ण, इंटरनेट नाही

सोमवारपासून आईच्या लॅपटॉपवर इंटरनेट चालत नव्हतं. ती मुलांना गणित शिकवते, त्याचे दोन ऑनलाइन वर्ग बुडाले होते. तिसरा आज चार वाजता होता. तोही बुडाला तर पालक मुलांना दुसरीकडे घालणार होते, आणि बाबा गेल्यापासूनच्या सहा आठवड्यांत आईला अंथरुणातून उठवणारी गोष्ट तेवढी एकच होती. मी तीनला पोचले.

राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपही. वाय-फायच्या खुणेत रेघा पूर्ण, पण एक पान उघडेल तर शपथ. शेवटी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय," तिकडचा माणूस म्हणाला. "राउटर एकदा बंद करून—"

"तीनदा केला."

"मग तुमच्या लॅपटॉपचं काहीतरी असेल."

"या लोकांचं बरं असतं," आई म्हणाली. "चूक नेहमी दुसऱ्याच्या वहीत."

माझा मोबाईल मात्र घरच्या वाय-फायवर सुरळीत चालत होता. म्हणजे राउटर ठीक होता. लॅपटॉप नेमका कशाला जोडलाय, हे मी आल्या आल्या बघायला हवं होतं. आता बघितलं. तिथे घरच्या वाय-फायचं नाव नव्हतं, बाबांच्या मोबाईलचं होतं.

"आई, बाबांचा फोन कुठंय?"

"कपाटात. स्वेटरांखाली."

"चालू आहे?"

"रोज सकाळी चार्ज करते." ती चष्मा पुसायला लागली. "बंद कशाला पाडायचा?"

हॉस्पिटलमध्ये आई बाबांच्या खोलीबाहेर बाकावर बसून वर्ग घ्यायची, त्यांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. तो नंतर कुणी बंदच केला नाही. घरी आल्यावरही लॅपटॉप त्यालाच जोडला जात राहिला. सहा आठवडे ती बाबांच्या इंटरनेटवर शिकवत होती. सोमवारी त्यांचा रिचार्ज संपला.

मी हे तिला सांगितलं. चारला दहा मिनिटं होती. मी कपाटातून फोन काढला. तो कुणाच्या खिशातून नुकता काढल्यासारखा कोमट लागला, म्हणून पटकन तिच्या हातात दिला.

"बंद करावा लागेल?"

"फोन नाही. फक्त हॉटस्पॉट."

"आणि रिचार्ज मारला तर?"

"तर होतं तसंच चालेल," मी म्हटलं. ते खरंच होतं.

तिने थोडा विचार केला. "घरात वाय-फाय असताना दोन-दोन इंटरनेट पोसायची? वेड्यात काढलं असतं मला ह्यांनी." मग तिनेच हॉटस्पॉट बंद केला.

लॅपटॉपवरच्या रेघा गेल्या. अर्धं मिनिट काहीच नव्हतं. मग घरच्या वाय-फायचं नाव आलं.

"चल, हो बाहेर. वर्गात पालक बसलेले मला चालत नाहीत."

मी दाराबाहेर उभी राहिले. आतून एका मुलीचा आवाज आला, "टीचर, दोन दिवस कुठे होतात?"

"घरीच होते," आई म्हणाली. "वह्या काढा."