पंखांच्या घोड्यावरचा सेनापती

ज्या वर्षी भाचीला जुळं झालं, त्या वर्षी ताईच्या घरातला माळा रिकामा करावा लागला. खाली दोन पाळणे मावेनात, म्हणून खालचं सामान वर आणि वरचं सामान बाहेर, असा हुकूम सुटला. त्यात बिस्किटांचा एक गंजका डबा निघाला. भाचीने झाकण उघडून विचारलं, "आई, या हिरव्या गाठी कसल्या गं?"

ताईने लगेच मला फोन केला. "बाळ्या, सैन्य सापडलं. ये."

मी तेव्हा एकाहत्तरचा, ताई चौऱ्याहत्तरची. मला बाळ्या म्हणणारं माणूस जगात तेवढं एकच उरलं होतं, त्यामुळे गेलो.

हे सैन्य आमच्या बाबांनी ओतलेलं. ते फाउंड्रीत कामाला होते. टाकाऊ शिसं घरी आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी प्लॅस्टरच्या साच्यांत ओतून आम्हाला माणसं करून द्यायचे. माणसं म्हणजे कुठल्याही राज्यात नसलेली: सुळेवाले राक्षस, कुऱ्हाडी घेतलेले बुटके, दोन जादूगार, तीन तोंडांचा ड्रॅगन आणि पंखांच्या घोड्यावर बसलेला सेनापती. एकूण एक्केचाळीस. भांडणं नकोत म्हणून प्रत्येकाच्या बुडाखाली बाबांनी खिळ्याने खूण केली होती. ताईच्या माणसाला एक रेघ, माझ्या माणसाला दोन.

मग मी आठ वर्षांचा असताना सैन्याला रंग द्यायचं मनावर घेतलं. खिडकीच्या गजांचा हिरवा रंग अर्धा डबा उरला होता. ब्रश कशाला हवा? एकेकाच्या कमरेला दोरा बांधला, डब्यात बुचकळला आणि तारेवर लटकवला. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस हिरवे गडी तारेवर फाशी गेले होते. डोळे बुजले, सुळे बुजले, बुडाखालच्या रेघाही बुजल्या.

आठवून आठवून आम्ही वीस-वीस वाटून घेतले. राहिला सेनापती. ताई म्हणे माझा, मी म्हणे माझा. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मला काय आठवतंय? मिळून खेळा." मिळून खेळायला दोघांनाही जमेना. शेवटी ताई लग्न करून निघाली, तेव्हा शिवणाच्या पेटीत सगळा डबाच घालून निघाली, आणि मी तिच्या सासरच्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "जपून हं, सूनबाई चोर आहे!" लोक हसले. ताई हसली नाही. त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा भेटलो, तेव्हा तेव्हा मी तिला चोरच म्हणत आलो. बावन्न वर्षं.

"आता नीट रंगवायचं," ताई म्हणाली. "तू घाण केलीस, तूच निस्तर. आणि हिरवा निघाला की रेघा दिसतील. काय तो निकाल लागू दे."

"लागू दे की! मला कसली भीती?"

"सेनापती शेवटी सोलायचा. आधी बाकीचे."

भाचीने अटी घातल्या. काम मागच्या गॅलरीत, हातमोजे घालून, दार बंद करून, आणि शिशाचा एकही तुकडा बाळांच्या जवळ येता कामा नये. "मामा, हात धुतल्याशिवाय पाळण्याला हात लावलास तर तुलाच माळ्यावर ठेवीन."

चाळीस वर्षं मी गॅरेजमध्ये गाड्या रंगवल्या. बसचं दार मी डोळे मिटून रंगवीन. पण राक्षसाचा डोळा! श्वास रोखला, हात टेकवला, तीन केसांचा ब्रश लावला, तरी पहिला राक्षस चकणा झाला. ताईने चष्मा कपाळावर नेऊन बघितलं. "हा लढायला निघालाय की डॉक्टरकडे?"

"तू रंगवून दाखव."

"मी शिंपीण. मी कपडे बघते. या जादूगाराचा झगा तू खांद्यात आवळलायस."

रोज सकाळी दोन-तीन तास. आदल्या दिवशी रंग काढायच्या औषधात भिजवलेले गडी मी दातांच्या ब्रशने घासायचो, ताई धुऊन पुसायची आणि बूड बघून ओरडायची, "एक रेघ!" नाहीतर "दोन!" गंमत म्हणजे वाटणी आठवणीने केली होती तरी फक्त तीन चुकले होते. हिरव्याखालून बाबांचं काम वर येत होतं. बुटक्यांच्या दाढ्यांना वेण्या होत्या. ड्रॅगनचं मधलं तोंड हसत होतं. त्रेसष्ट वर्षं मी ते हसू बुजवून ठेवलं होतं.

चाळीस झाले. सेनापतीच्या दिवशी मी घासायला घेतलं आणि आतून एक बाळ रडलं. पाठोपाठ दुसरं. ताई उठून आत गेली.

मी एकट्याने सेनापती उलटा केला, बूड घासलं.

एक रेघ. सरळ, खोल, बाबांच्या हाताची.

आता खरं सांगतो. मी विचार केलाच नाही, हाताने केला. पुट्टीचा डबा बाजूलाच होता. अंगठ्याने चिमूटभर पुट्टी रेघेत दाबली, बोटाने सपाट केली, वरून प्राइमरचा एक हात मारला. गाडीची खोक बुजवतात तशी. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं.

ताई आली. "हं, दाखव."

"खूणच नाही," मी म्हणालो. "बाबा विसरले वाटतं."

ताईने सेनापती हातात घेतला, बुडावरून अंगठा फिरवला. आयुष्यभर शिवणीवरून बोट फिरवणारी बाई ती.

"बाबा बुटक्यांना विसरले नाहीत, ड्रॅगनला विसरले नाहीत, आणि सेनापतीला विसरले?"

"माणूस आहे. विसरतो."

"आणि बाकीच्या चाळीस जणांची बुडं उघडी, यालाच प्राइमर लागला?"

मी ब्रश धुवायला लागलो. तिने खांद्याजवळची टाचणी काढली आणि बुडात टोचली. वरचा थर सुकला होता, आत पुट्टी कच्ची होती. लोण्यासारखी निघाली. पुट्टीला घाई चालत नाही, हे चाळीस वर्षं मी गॅरेजातल्या प्रत्येक पोराला सांगत आलो होतो.

"एक," ताई म्हणाली.

आत बाळं गप्प झाली होती. मला ती रडायला हवी होती.

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!" ती म्हणाली आणि हसत सुटली. चष्मा काढून डोळे पुसले. मग तिचं हसणं थांबलं. "सासूबाईंनी त्यानंतर दोन वर्षं पैशांच्या कपाटाची चावी कमरेला लावली होती, बाळ्या. तुझ्या त्या विनोदामुळे. तुला कधी सांगितलं नाही."

"चुकलो गं," मी म्हणालो.

"तोंडी नको. लिहून दे."

शाळेत मी कधी टिकलो नाही; लिहायला मला तिनेच शिकवलं होतं, पन्नाशी उलटल्यावर, गॅरेजची नोकरी टिकावी म्हणून. भाचीच्या जुन्या वहीत तिने माझ्याकडून पानंच्या पानं गिरवून घेतली होती. आता तिने शिवणाच्या मापांची वही पुढे केली. मी लिहिलं: 'सेनापती ताईचा आहे. ताई चोर नाही. मी खूण बुजवली. दोनदा.' खाली सही केली. तिने शिक्षिकेसारखं वाचून दोन वेलांट्या सुधारल्या, पान फाडलं, घडी घातली आणि डब्याच्या झाकणात चिकटवून टाकलं.

"आता याचा झगा मी रंगवणार," ती म्हणाली. "माझा माणूस आहे."

तिने लाल रंग घेतला. झग्याची किनार ओलांडून रंग घोड्याच्या पंखावर गेला. मी पटकन कापसाचा बोळा उचलला.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली.

मी बोळा खाली ठेवला.

शिसं बाळांच्या घरात नको म्हणून सैन्य आता माझ्याकडे काचेच्या कपाटात आहे, कुलपात. जुळी काचेला नाक लावून बघतात आणि त्यांचं आत्तापासूनच भांडण आहे, सेनापती कुणाचा. मी सांगतो, तुमच्या आजीचा. पंखावरचा लाल डाग मी पुसलेला नाही.

ताई गेली ती जुळ्यांना दोन वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. तिला शहात्तर वर्षं झाली होती.