आकडा पुसलेला वाळा

मी पक्ष्याच्या पायातला वाळा बोलतोय, तोही टेबलाच्या बंद खणातून. शेजारी खडूचे तुकडे आणि एक मोडकी पक्कड. आठवड्यातून एकदा खण उघडतो, पण तो खडूसाठी. मला कुणी हात लावत नाही.

मी चांदीचा नाही, जर्मलचा, म्हणजे साध्या ॲल्युमिनियमचा. १९४९ साली कोल्हापुरात तात्यांनी मला घडवलं. तात्या म्हणजे शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर. जर्मलची पट्टी कापायची, तिच्यावर एक आकडा आणि 'कोल्हापूर' एवढं ठोकायचं, मग गोल वळवायची. असे खूप वाळे उंबऱ्यावर मांडलेले पाहून त्यांची बायको नंदिनी म्हणायची की शेजारणी विचारताहेत, बारसं कुणाचं आहे?

बारसं चित्रबलाक करकोच्यांचं होतं. म्हैसूर मुलखातल्या एका गावात चिंचांवर या पक्ष्यांची वसाहत होती. तात्या सुट्टीत तिथं गेले, झाडावर चढले आणि एका पिल्लाच्या पायात मला अडकवलं. पिल्लू ओरडलं. मीही घाबरलो होतो. वहीत माझ्या आकड्यापुढं तात्यांनी गावाचं नाव लिहिलं आणि त्यापुढची जागा कोरी ठेवली, पक्षी पुढं कुठं पोचला ते कळलं की लिहायला.

चार वर्षं मी त्या पायाला अडकून होतो, पण अडकल्यासारखं एकदाही वाटलं नाही. त्या सुखाची आठवण आता खणात फार छळते.

तिकडं पाऊस दगा देऊ लागला तसा माझा पक्षी उत्तरेला निघाला आणि पेठ वडगावजवळच्या एका तळ्यावर उतरला. तिथल्या बाभळींवर त्यानं घरटं केलं, तीन पिल्लं वाढवली. खाली दुर्बीण घेऊन कोण उभं होतं? तात्या! मला केवढा आनंद झाला. पण आमच्या पक्ष्याला उन्हात स्वतःच्याच पायांवर शिटायची खोड. मी त्या पांढऱ्या थराखाली पार बुजून गेलो होतो. मी वर होतो, ते खाली होते, आणि त्यांना मी दिसलो नाही.

त्या बाभळी तोडायला द्यायचा सरकारी लिलाव ठरला होता. कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं, पाखरं इथलीच आहेत, पलीकडच्या झाडांवर जातील. तात्या सांगत होते की ती लांबून येतात, तिकडं दुष्काळ पडला की त्यांच्या वंशाला हेच एक तळं उरतं. साहेबांनी एक पुरावा मागितला. आकडा असलेला एक वाळा दाखवा, लिलाव थांबवतो. तात्यांनी गावोगाव सांगून ठेवलं, पायात वाळा असलेला पक्षी सापडला तर कळवा.

वळवाच्या वाऱ्यात माझा पक्षी फांदीवर आपटून मेला. पिल्लं तेव्हा उडायला लागली होती, एवढंच समाधान. हंबीरराव नावाच्या शेतकऱ्यानं मला काढून घेतलं. माणूस सरळ. आता सुटलो, असं मला वाटलं. पण मास्तरांच्या हातात घाण वस्तू कशी द्यायची, म्हणून तो मला आधी हुपरीला घेऊन गेला. त्याचा मेव्हणा आकाराम तिथं चांदीचे पैंजण करायचा.

आकारामच्या डब्यात मी आठ दिवस पडून होतो. झाकण उघडलं ते कानस हातात घेऊनच. हुपरीच्या कारागिराच्या हातून वस्तू काळी किंवा ओरखडलेली जात नाही. त्यानं मला आतून बाहेरून घासलं, रिठ्याच्या पाण्यात धुतलं. एकेक आकडा भुगा होऊन त्याच्या मांडीवर पडत होता. मी ओरडत होतो, पण वाळ्याचं ओरडणं कानशीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

लिलावाच्या आदल्या दिवशी हंबीरराव कोल्हापुरात आला. धोतराच्या सोग्यातून मला काढून त्यानं तात्यांच्या तळहातावर ठेवलं.

तात्यांनी मला उजेडाला धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. "हंबीरराव, यावर आकडा होता."

"ओरखाडं हुतं की. पावण्यानं सगळं काढलं. तुमच्या हातात तसलं कसं द्यायचं, मास्तर?"

तात्यांनी डोळे मिटले. मग नंदिनीबाईंना हाक मारून हंबीररावांसाठी चहा सांगितला.

कचेरीत साहेबांनी मला बोटाच्या टोकानं परत सरकवलं. असले वाळे हुपरीत ढिगानं मिळतात, म्हणाले. बाभळी गेल्या. पुढच्या वर्षी पक्षी आले, तळ्यावर घिरट्या घातल्या आणि निघून गेले. तात्यांनी हे नंदिनीबाईंना सांगितलं तेव्हा मी खणातच होतो.

तुम्हाला कधी पक्ष्याच्या पायात वाळा सापडला, तर घासू नका, धुऊसुद्धा नका. आधी आकडा लिहून घ्या. कळकळीनं सांगतो.

तात्यांची वही याच टेबलावर, माझ्या डोक्यावर आहे. तिच्यात एकशे त्र्याहत्तरपुढची जागा अजून कोरी आहे. एकशे त्र्याहत्तर मीच. कुणीतरी तिथं लिहा, पोचला होता.