कडीवरचा हात

विभागाचं नवं वर्ष सुरू व्हायचं ते एकाच चित्राने. वेळापत्रक लागो न लागो, खुर्च्या मोडक्या असोत की नसोत, कला-इतिहासाच्या पहिल्या तासाला पडद्यावर 'कडीवरची बाई' येणार म्हणजे येणार. बंद दारापाशी उभी असलेली बाई आणि कडीवर तिचा डावा हात. विभागाचे आधीचे प्रमुख, म्हणजे सर, यांचं नाव झालं ते या डाव्या हातावर. उजवा हात सांगितलेली कामं करतो, डावा मनातली. ही बाई स्वतःच्या मर्जीने घर सोडतेय, असं त्यांनी पुस्तकात लिहिलं आणि मग जो तो तेच म्हणू लागला.

यंदा तो तास सरांच्या सुनेचा होता. ती आधी सरांची विद्यार्थिनी, मग त्यांच्या मुलाची बायको, आणि आता त्यांच्याच खुर्चीत बसलेली विभागप्रमुख. विभागात त्यांना 'सर' म्हणायचं, घरी 'बाबा'. जेवतानाही दोघांच्या तोंडी चित्रंच. नवरा म्हणायचा, "या घरात आमटीत मीठ नाही हे कुणाला कळत नाही, पण चित्रातल्या बाईचं नख बरोबर दिसतं!"

नख कसलं दिसतंय! अख्खा हात दिसला नव्हता.

सुट्टीत तिने मूळ चित्र पाहिलं. इतकी वर्षं कुणा श्रीमंताच्या बंगल्यात पडलेलं ते चित्र नुकतंच संग्रहालयात आलं होतं. ती हौसेने गेली आणि समोर उभी राहिली. बाईचा उजवा हात होता कडीवर. सरांनी तरुणपणी खटपट करून मिळवलेली स्लाइड चौकटीत उलटी बसली होती, डावं-उजवं बदललं होतं. पुस्तकात चित्र छापलं ते त्या स्लाइडवरून, आणि जगाने पाहिलं ते पुस्तक. तिची स्वतःची डॉक्टरेटही त्याच हातावर उभी होती.

त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. बोलावं, तर म्हाताऱ्याची आयुष्यभराची कमाई मातीत घालायची आणि संध्याकाळी त्यालाच ताट वाढायचं. गप्प बसावं, तर समोर बसलेल्या नव्या मुलांना डोळ्यांत डोळे घालून खोटं शिकवायचं. शेवटी तिने मनाचा हिय्या केला. संग्रहालयातून खरा फोटो मागवला आणि तो प्रोजेक्टरला लावला.

सर तास ऐकायला पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, काठी गुडघ्यांत धरून बसले होते. पडदा उजळला. बाईचा उजवा हात भल्यामोठ्या भिंतीवर आला.

"मॅडम," सर मोठ्याने म्हणाले, "चित्र उलटं लागलंय का हो?"

वर्ग हसला. तिच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. नाही सर, आजवरच उलटं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं! पण सर तिच्याकडे टक लावून बघत होते, मुलं बघत होती.

"हो सर, चुकून," ती म्हणाली आणि तिने बटण दाबून चित्र फिरवलं. बाईचा हात डावा झाला. मग तास कसा छान रंगला म्हणून सांगू! मुलांनी भराभरा लिहून घेतलं, दोघींनी तर डोळे पुसले. तिला स्वतःचीच शिसारी आली.

परतताना ती गाडी चालवत होती, सर शेजारी बसले होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "उजवाच आहे ना गं?"

तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पुस्तक छापून आलं आणि चित्राच्या मालकाने घरी बोलावून मूळ चित्र दाखवलं. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नाही, मला कळलं. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. मग तू आलीस, त्याच विषयावर प्रबंध लिहायला बसलीस. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, पोरी."

"आणि आज? आज भर वर्गात तुम्हीच मला उलटं म्हणालात!"

"अगं, खरा फोटो बघितला आणि वाटलं, सुटलो! ही बोलणार. तुला बोलता यावं म्हणून तर विचारलं मी. तू 'नाही' म्हणाली असतीस ना, तर मी वर्गासमोर उभा राहून सगळं कबूल करणार होतो."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

"उद्या सांगू या ना, बाबा," ती म्हणाली. "दोघं मिळून."

"हो, उद्या," सर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडी किती मुरलेला आहे ते तिला ऐकू आलं. आणि तो आता तिच्याही तोंडून किती सहज निघाला होता! तिने गाडी पुढे काढली आणि दोघं घरी जेवायला गेली.