कोऱ्या कागदावरचं बोट

डॉन एलेउतेरियो डेल्मिराच्या टेबलापुढे येऊन बसला तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि फाईल बाराच्या आत मंत्रालयात पोचायची होती. पाम्पावासी गावचा हा नगराध्यक्ष; आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी डॉन लावतात. गावाला बाजाराची पक्की इमारत हवी होती, मंत्रालय पैसा द्यायला तयार होतं, आणि लहान पालिकांना असा निधी मिळवून देणं हेच प्रांताच्या कचेरीत डेल्मिराचं काम. बारा वर्षांत तिची एकही फाईल परत आली नव्हती.

त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा मेला? घोड्यावरून बघणाऱ्याला बायकांच्या टोप्या दिसतात, चेहरे नाही.

तिने मात्र त्याला आवाजावरून ओळखलं. बावीस वर्षांपूर्वी ती नऊ वर्षांची होती. हा तेव्हा गावसभेचा चिटणीस. शाळेच्या छपराचा ठराव आहे असं सांगून याने तिच्या आईचं, सातुर्निनाचं, बोट शाईत बुडवून कोऱ्या कागदावर टेकवलं. आमच्याकडे सही येवो न येवो, शेजारी बोटाचा ठसा लागतोच. महिन्याभरात रस्त्याकडेचं बटाट्याचं शेत याच्या नावावर! आई रडत पालिकेत गेली, तर भरल्या सभेत हा म्हणाला, "बोट तुझंच आहे ना, बाई? मग रडतेस कशाला?" लोक हसले. ते हसू डेल्मिराच्या पोटात बावीस वर्षं जळत होतं.

"जागेचा कागद कुठाय, साहेब?" तिने विचारलं. "नदीकाठची जागा इंजिनियरने नापास केली. पूर येतो तिथे. दुसरी जागा कोणीतरी पालिकेला दान दिल्याचा कागद लागेल."

"अगं पोरी, तू बघ की काय ते! मी सह्या करून ठेवतो, तू मागाहून भर. आमच्याकडे असंच चालतं."

"भरल्यावर वाचून जा, साहेब."

"वाचायला वेळ कोणाला आहे? तिकडे माझा कुई भाजून तयार असेल, आणि गिनीपिग गरमच खावा." आणि पठ्ठ्याने स्वतःच शाईचं पॅड ओढलं, चार कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, शेजारी बोटाचे ठसे उठवले आणि जेवायला चालता झाला.

डेल्मिराने ते कागद पुढे ओढले. फाईल बुडवली असती तर याचं नाक कापलं गेलं असतं, पण चिखलात बसून भाजी विकणाऱ्या बायकांचंही नशीब बुडालं असतं. तिने आईला फोन लावला.

"आई, एलेउतेरियो माझ्यापुढे कोऱ्या कागदांवर बोट उठवून गेलाय. आपलं शेत परत मिळत नाही. पण त्याच्या हातून काढता येतं. पालिकेला दान, बाजारासाठी. काय करू?"

"तिथले बटाटे त्याच्या घशाखाली उतरतात ना, ते मला बघवत नाही," आई म्हणाली. "लिही."

तिने लिहिलं. दानपत्रं प्रमाणित करणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या न्यायाधीशाने नगराध्यक्षाची सही बघितली आणि न वाचता शिक्का हाणला. फाईल बाराला दहा मिनिटं असताना गेली.

पाच महिन्यांनी पायाभरणी झाली. समारंभाची जागा मंत्रालयाने नकाशावरून ठरवली होती. बँड घेऊन मिरवत आलेला नगराध्यक्ष स्वतःच्या शेतात खोदयंत्र उभं बघून थबकला. तेवढ्यात मंत्रालयाचा माणूस कर्ण्यावरून वाचायला लागला, "रस्त्याकडेची ही जमीन उदार मनाने दान करणारे, डॉन एलेउतेरियो..."

नगराध्यक्ष कचेरीतर्फे आलेल्या डेल्मिराच्या अंगावर आला. "हे मी दिलेलं नाही! कागद कोरा होता!"

"मोठ्यांदा बोला की, साहेब! आमचे नगराध्यक्ष कोऱ्या कागदावर सह्या करतात, ऐकू द्या मंत्रालयाला. निधी आजच्या आज परत जाईल. मग या बायकांना तुम्ही समजवा."

त्याने वळून बघितलं. दोनशे बायका टाळ्या वाजवत होत्या, हात दुखेस्तोवर. त्यांतून एक म्हातारी पुढे आली. तिने त्याच्या गळ्यात रंगीत कागदाची माळ घातली आणि टोपी मागे सारून चेहरा त्याच्यापुढे धरला.

"बोट तुमचंच आहे ना, साहेब? मग रडता कशाला?"

आता ओळखलं त्याने! मागे लोक हसले, आणि ते हसू डेल्मिराने पोटभर ऐकलं. आई खुशीत असेल म्हणून तिने वळून पाहिलं, तर सातुर्निना खोदयंत्राने उकरलेल्या मातीत वाकून काहीतरी शोधत होती. काढणीतून सुटलेला एक बटाटा तिला सापडला. तो तिने पाठीवरच्या शालीत बांधला. आपल्या शेतातला, बावीस वर्षांनंतरचा पहिला, आणि आता शेवटचा.